जुने दोन लेथ विकून सीएनसी घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याचं छोटं युनिट, वीस-बावीस वर्षांचे दोन सेंटर लेथ (धातू फिरवून कापायची हाताने चालणारी यंत्रं). गेल्या वर्षीच त्यांच्या बेड ग्राइंडिंगवर आणि बेअरिंगवर २.८ लाख घातले. आता सीएनसीचं, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथचं, २४ लाखांचं कोटेशन समोर आहे. भागीदार म्हणतात, ‘घातलेले पैसे आधी वसूल होऊ देत, शिवाय लेथची किंमत हिशोबाच्या पुस्तकात अजून शिल्लक आहे.’ मी याच भागातल्या फाउंड्री आणि मशीन शॉपचे हिशोब बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ते २.८ लाख गेले. सीएनसी घेतलं तरी परत येणार नाहीत, नाही घेतलं तरी येणार नाहीत. त्या दुरुस्तीमुळे लेथला आज जास्त भाव येत असेल, तर तेवढा भाव मात्र धरा. पुस्तकातल्या शिल्लक रकमेचंही तसंच. आयकरात यंत्रांचा एकत्र ब्लॉक, म्हणजे सगळ्यांची मिळून एकच शिल्लक किंमत असते. लेथ विकून आलेले पैसे त्या ब्लॉकमधून वजा होतात, प्रत्येक मशीनचा वेगळा तोटा काढावा लागत नाही.

आता तुमचेच आकडे मांडू. मशीन २४ लाख. फाउंडेशन, स्टॅबिलायझर, वाहतूक आणि पहिलं टूलिंग मिळून ३ लाख. दोन्ही लेथचे ३ लाख येतील असं तुम्ही म्हणता. म्हणजे खिशातून निव्वळ २४ लाख जाणार. १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो खर्चात धरला नाही. पण एकट्या मशीनवरचे ४.३२ लाख आधी भरावे लागतात आणि काही महिने अडकतात, त्याची सोय वेगळी ठेवा.

वर्षाची बचत अशी: बाहेर टर्निंगला देता त्या कामाचे ३.२ लाख, ओव्हरटाइमचे १.६ लाख, रिजेक्शनच्या डेबिट नोटचे (खराब मालापोटी ग्राहक कापून घेतो ते) २ लाख, दुरुस्तीचे १.४ लाख. यातून इन्सर्ट (कापायच्या बदलत्या पात्या), वीज आणि नव्या मशीनची देखभाल यांचा जादा खर्च १.२ लाख वजा केला की ७ लाख उरतात. भागीदारी फर्मचा कर सेससकट ३१.२ टक्के (तुमच्या उत्पन्नाला सरचार्ज लागणार नाही असं धरलंय), तो जाता ४.८२ लाख. घसारा, म्हणजे मशीनची दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत, रोख खर्च नाही, पण त्याच्यामुळे कर वाचतो: निव्वळ २४ लाखांवर १५ टक्क्यांनी पहिल्या वर्षी ३.६ लाख घसारा, त्यावर सुमारे १.१२ लाख कर वाचेल, पुढे दरवर्षी कमी होत जाईल. मशीन जानेवारीत आणलंत तर मार्चअखेर वापराचे १८० दिवस भरत नाहीत आणि पहिल्या वर्षी साडेसात टक्केच मिळतात. त्यामुळे ऑर्डर द्यायची तर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्या.

कर जाता उरलेली बचत आणि घसाऱ्याने वाचलेला कर, दोन्ही मिळून ८ वर्षांची रक्कम १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणली (पुढे मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून) की २७.६ लाख होते. २४ लाख वजा जाता ३.६ लाख शिल्लक, तेही आठ वर्षांनी मशीनची किंमत शून्य धरून. पैसे सुटायला चार वर्षं आणि वर दोन-तीन महिने लागतील. कर्जाचं व्याज या बचतीतून पुन्हा वजा करू नका. ते १२ टक्क्यांत आलेलं आहे. ही चूक मी अनेक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये पाहिली आहे आणि तिच्यामुळे चांगले प्रस्ताव मागे पडतात.

पण एवढ्यावर ‘घ्या’ म्हणणार नाही. त्या ७ लाखांतला सगळ्यात मोठा भाग बाहेर जाणाऱ्या कामाचा आहे. ते काम उद्या थांबलं, तर तेच गणित ७.३ लाखांनी तोट्यात जातं. बचत सहा लाखांच्या खाली उतरली तरी फायदा संपतो. मशीन किती वेगाने काम करतं यापेक्षा वाचलेले तास कोण विकत घेणार, हे आधी ठरायला हवं.

हे मी अनुभवाने सांगतोय. पूर्वी मी ज्या कारखान्यात होतो, तिथे एका ग्राहकाच्या तोंडी शब्दावर तीन शिफ्टचं गणित मांडून मशीन आणलं. गणित मीच केलं होतं. सहा महिन्यांत त्या ग्राहकाचं शेड्यूल निम्म्यावर आलं, मशीन जेमतेम एक शिफ्ट चालू लागलं आणि हप्ते कॅश क्रेडिटमधून, म्हणजे रोजच्या खर्चासाठी बँकेने दिलेल्या उचलीतून जाऊ लागले. कच्च्या मालाचे पैसे अडले, पगार लांबले. तेव्हापासून मी लेखी शेड्यूल पाहिल्याशिवाय तीन शिफ्ट धरत नाही.

रिजेक्शनचे २ लाखही तपासा. गेल्या बारा महिन्यांच्या डेबिट नोट काढा आणि कारणाप्रमाणे दोन गठ्ठे करा. बोअर (आतलं भोक) मोठा झाला, टेपर (निमुळतेपणा) आला, ओव्हॅलिटी (गोलाई बिघडणं) आली, हे सीएनसीने कमी होईल. ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) आणि वाळू हा कास्टिंगचा, म्हणजे ओतकामाचा दोष आहे. मशीन कितीही नवीन असलं तरी तो तसाच राहणार, ती रक्कम फाउंड्रीशीच बोलून सोडवावी लागेल.

तुम्ही टर्नरचा पगार बचतीत धरलेला नाही, ते मला फार बरं वाटलं. माणूस कामावर ठेवणार असाल तर त्याचा पगार वाचत नाही, आणि जुना टर्नर सेटिंग लवकर शिकतो. त्याच्या शिकण्याच्या दोन-तीन महिन्यांत उत्पादन कमी निघेल, हे मात्र ग्राहकाला आधीच कळवा.

मी तुमच्या जागी असतो तर एक लेथ ठेवला असता. मग विक्रीचे दीड लाखच येतील आणि ३.६ लाखांची शिल्लक २.४ लाखांवर येईल. पण साखर कारखाने बंद असतात तेव्हा दुरुस्तीचे शाफ्ट आणि बुश एकेक करून येतात. एका नगासाठी सीएनसीचं सेटिंग मोडणं परवडत नाही, असं काम लेथवरच निघतं. तुमच्याकडे असं काम वर्षाला किती येतं ते कळवा, तो आकडा घालून मी पुन्हा मांडून देतो.