अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या रेसिडन्स हॉलमध्ये (वसतिगृहात) ग्रॅज्युएट असिस्टंट (पदव्युत्तर शिक्षण घेताना विद्यापीठात काम करणारा विद्यार्थी) म्हणून रुजू होताय? आधी एवढं सांभाळा

मनापासून अभिनंदन! मुलं राहायला येण्याआधीच्या प्रशिक्षणात माहितीचा मारा होईल. सगळं लगेच लक्षात राहणार नाही, राहायला हवं असंही नाही.

माझ्या मते तुमच्या हाताखालचे आरए (रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे हॉलमधल्या मुलांकडे लक्ष देणारे विद्यार्थी) हेच तुमचं खरं काम. प्रत्येकाला ठरलेल्या वेळी एकेकटं भेटा, ती भेट टाळू नका. नवे लोक हमखास इथेच चुकतात. आधी आरएंशी नुसती दोस्ती करतात, मग कुणी ड्यूटी चुकवली की बोलायला जीभ रेटत नाही. अपेक्षा पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा.

बाकी तीन गोष्टी:

- लैंगिक छळाबद्दल कुणी सांगू लागलं तर ‘कुणाला कळणार नाही’ असं वचन देऊ नका. टायटल नाइन या शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या अमेरिकी कायद्यामुळे बहुतेक विद्यापीठांत ते कळवणं तुम्हाला बंधनकारक असतं. हे त्या विद्यार्थ्याला आधीच, मायेनं सांगा.
- ऑन-कॉल (अडचण आली तर धावून जायच्या पाळीवर) असताना शंका आली तर मध्यरात्रीही वरिष्ठांना उठवा.
- एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा असेल तर सत्र चालू असताना कॅम्पसवरच्या कामाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. तास लिहून ठेवा.

शिस्तभंगाच्या सुनावण्या, बजेट वगैरे पुढे बघू. स्वतःच्या अभ्यासाच्या वेळा मात्र आत्ताच कॅलेंडरवर टाका.