टॉवरमध्ये आल्यापासून आई विसरायला लागली: आमच्या घरचा अनुभव

तुमची पोस्ट दोनदा वाचली. चाळ पाडून टॉवर झाला, आई सतराव्या मजल्यावर राहायला आली आणि वर्षाच्या आत गप्प गप्प झाली, तेच तेच विचारू लागली. हा जागेचा परिणाम की आजार, असं तुम्ही विचारलंय. लालबागच्या चाळीतून चौदाव्या मजल्यावर आल्यावर आमच्याकडेही हेच झालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी डॉक्टर नाही. बी-१२, थायरॉइड, डोळे हे सगळं तुम्ही बघितलं असेलच, त्यात शिरत नाही. फक्त न्यूरॉलॉजिस्टकडून स्मृतीची रीतसर चाचणी करून घ्या आणि तिचे गुण जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलनेला लागतात.

जागा की आजार? माझ्या मते दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. शिकागोच्या रश संस्थेतल्या संशोधकांनी ८२३ वृद्धांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. ज्यांना फार एकटं वाटत होतं त्यांच्यात अल्झायमरचा धोका दुपटीहून अधिक दिसला. तरी यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण आजाराच्या सुरुवातीलाही माणूस चारचौघांतून अंग काढून घ्यायला लागतो. शिवाय जुन्या जागेत झाकून राहिलेलं नव्या जागेत उघडं पडतं. चाळीत आईला फारसं लक्षात ठेवावंच लागत नव्हतं. नळाला पाणी आलं की कोणीतरी ओरडायचं. सिलिंडरवाला आला की पोरं सांगत सुटायची. उद्या एकादशी आहे हे समोरच्या काकू कपडे वाळत घालताना बोलून जायच्या. तिची निम्मी आठवण गॅलरीच सांभाळत होती. टॉवरमध्ये दार बंद झालं आणि सगळा भार एकदम तिच्या एकटीच्या डोक्यावर आला.

चाळीचे गोडवे गाण्यासाठी हे लिहीत नाहीये. रात्री दुखरे गुडघे घेऊन गॅलरीच्या टोकाच्या संडासापर्यंत जाणारी आई मी पाहिली आहे. पावसाळ्यात गळणारं छप्पर, हलणारा कठडा, यातलं काहीही मला परत नको. घरातला संडास हे तिच्यासाठी मोठं सुख आहे.

पण माझा खरा राग आहे तो टॉवरमध्ये कोणाला कुठलं घर हे ठरवणाऱ्या सोडतीवर. आमच्या गॅलरीतल्या चार घरांत चार म्हाताऱ्या होत्या, जवळजवळ सगळा संसार एकमेकींच्या दारात झालेला. या चार घरांना एकाच मजल्यावर, निदान लागून मजल्यांवर जागा द्या, असा अर्ज चारही घरांच्या सह्यांनी आम्ही सोडतीच्या कितीतरी आधी दिला. ज्या कार्यालयाकडे आमचं प्रकरण होतं तिथे खिडकीवरून टेबलावर, टेबलावरून साहेबांकडे, साहेब साइटवर. शेवटी तोंडी उत्तर मिळालं की सोडत संगणकीय आहे, त्यात हात घालता येत नाही. लेखी द्या म्हटलं तर काही आठवड्यांनी एका ओळीचं पत्र आलं, ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे.’ चौघी गेल्या सहाव्या, चौदाव्या, बाविसाव्या मजल्यावर, आणि एक तर दुसऱ्याच विंगमध्ये.

सोडत असू नये असं मी म्हणत नाही, वशिलेबाजी टाळायला ती हवीच. पण शेजारच्या चार-चार बिऱ्हाडांचा गट करून गटाच्या नावाने चिठ्ठी काढली असती तर कोणावर अन्याय झाला असता? कागद तेवढेच लागले असते. ज्यांना गट नको त्यांनी एकट्याने नाव द्यावं. घराचे चौरस फूट मोजतात तसं शेजारही मोजायला हवा, कारण सत्तरीनंतर नवा शेजार जोडणं फार कठीण जातं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत गेले, आनंदाचीच गोष्ट आहे. पण मुंबईभर हजारो म्हातारी माणसं याच वाटेवर आहेत, म्हणून हे इतकं तळमळून लिहितोय.

आता तुमच्या आईंबद्दल. आमची आई एकदा लिफ्टमधून अकराव्या मजल्यावर उतरली. तीच राखाडी फरशी, तोच तपकिरी दरवाजा, तसेच पितळी आकडे. तिने बेल दाबली आणि दार उघडणाऱ्या मुलीला विचारलं, ‘तू कोण गं, माझ्या घरात काय करतेस?’ त्यानंतर ती एकटी खाली जाईना. दिशा आणि जागा ओळखणारा मेंदूचा भाग अल्झायमरमध्ये लवकर बाधित होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही चाळीतल्या दारावरची बाबांच्या नावाची लाकडी पाटी आणि लाल लोकरीचं तोरण नव्या दाराला लावलं. लिफ्टमध्ये चौदाच्या बटणाशेजारी लाल टिकली चिकटवली. आता लिफ्टचं दार उघडलं की ती आधी तोरण शोधते, दिसलं तरच बाहेर पडते. तोरण दाराच्या चौकटीवरच लावा, पॅसेजमध्ये कुंड्या-खुर्च्या ठेवू नका, आगीच्या वेळी वाट अडते.

दुसरं, रोज एक तरी गोष्ट अशी हवी जिथे ती स्वतःच्या पायांनी, कोणाची वाट न बघता पोचेल. मुलगा रविवारी गाडीतून फिरवून आणतो, त्याला मी यात धरत नाही. बाविसाव्या मजल्यावरच्या मावशी आणि आई रोज चार वाजता खाली बाकावर भेटतात. ते बाक मिळवायलाही कमिटीशी भांडावं लागलं, ‘लॉबीत बसू नये’ अशी पाटी लावली होती. बाकाला पाठ आणि हात टेकायला दांडे हवेत, नाहीतर म्हातारी माणसं बसतात आणि उठता येत नाही म्हणून पुन्हा येत नाहीत. जवळ ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर बघा, पण रस्ता ओलांडावा लागत असेल तर त्यापेक्षा खालचं बाक बरं. भाजी तिलाच निवडू द्या, पैसे तिलाच मोजू द्या. मोबाइलवरच्या मेंदूच्या खेळांवर पैसे घालवू नका, हे माझं वैयक्तिक मत, कोणाला उपयोग झाला असेल तर वाद नाही.

आणि कान! चाळीत सगळेच मोठ्याने बोलतात, त्यामुळे आईला कमी ऐकू येतं हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. टॉवरमध्ये इंटरकॉम वाजला तरी ती उठायची नाही, आणि आम्ही ते विसरण्याच्या खात्यात टाकत होतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका वाढवणाऱ्या पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी मांडल्या, त्यांत कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं ही दोन्ही आहेत. वांद्र्याच्या अलि यावर जंग संस्थेत कानांची तपासणी होते. ऐकायचं यंत्र मिळाल्यावर पहिले काही आठवडे आई ते काढून ठेवेल, भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणेल. सुरुवातीला थोडा थोडा वेळच घालू द्या.

तुमचा ताबा झालाय, त्यामुळे जुन्या शेजाऱ्यांचे नवे मजले आणि घर क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी लावा. ज्यांची सोडत अजून व्हायची आहे त्यांनी शेजारासाठी आत्ताच सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज द्या, पोच घ्या आणि चाळ कमिटीच्या ठरावाची प्रत जोडा. आमच्याकडे ठराव नव्हता, आणि त्याच मुद्द्यावर आम्हाला बोलू दिलं नाही. तुमच्या आईंच्या चाचणीत काय निघालं ते इथे जरूर कळवा.