चिंता वाटते म्हणजे माझा देवावर भरवसा नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की यजमानांचं शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतलं काम सुटलं, घराचे हप्ते थकलेत आणि रात्री प्रार्थनेला बसलं की नुसती धडधड होते. बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' असं असताना मला चिंता वाटते, म्हणजे माझा देवावर भरवसाच नाही का, असं तुम्ही विचारलंय.

भरवसा आहे. नसता तर तुम्ही प्रार्थनेला बसला नसता.

ते पत्र एकदा सलग वाचा, चारच अध्याय आहेत. प्रेषित पौलाने ते फिलिप्पैच्या मंडळीला बंदिवासात असताना लिहिलं. दुसऱ्या अध्यायात तो एपफ्रदीताच्या, म्हणजे त्या मंडळीने त्याच्या मदतीला पाठवलेल्या माणसाच्या, आजारपणाची हकीकत सांगतो. एपफ्रदीत मरायला टेकला होता, देवाने दया केली म्हणून वाचला, नाहीतर आपल्यावर दुःखावर दुःख आलं असतं, असं पौल स्वतः कबूल करतो. आता त्याला तुमच्याकडे परत पाठवतो म्हणजे माझ्याही जिवाचा घोर कमी होईल, असंही लिहितो. चिंता करू नका म्हणणाऱ्यालाही घोर होताच, आणि त्याने तो मंडळीपासून लपवला नाही. शिवाय ते वचन अर्ध्यावर सोडू नका. पुढे म्हटलंय, आपली मागणी उपकारस्मरणासह देवाला कळवा, आणि शांतीचा उल्लेख येतो तो त्याच्याही नंतर. तुम्ही आधी शांत व्हायला बघताय आणि मग मागायला. धडधडत्या छातीनेच मागा.

'विश्वास कमी पडला' असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर त्यांचं ऐकू नका, ते मंडळीतले जुनेजाणते असले तरी. स्तोत्रसंहिता उघडा. तेरावं स्तोत्र सहा वचनांचं, आणि त्यात दावीद 'कुठवर?' असं चार वेळा देवाला विचारतो. अठ्ठ्याऐंशीवं तर शेवटच्या ओळीपर्यंत अंधारातच राहतं. प्रभू येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्यागाबद्दल विचारतानाही हाक 'माझ्या देवा' अशीच आहे. देवाकडे तोंड करून रडणं ही प्रार्थनाच आहे, आणि माझ्या मते फार खरी प्रार्थना.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमचं कोल्हापुरातल्या शाहूपुरीतलं घर पाण्यात गेलं. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी घरात शिरू नये म्हणून आम्ही मनापासून मागितलं होतं, आणि ते शिरलं. का, ते मला आजही माहीत नाही आणि तुम्हाला बनवून सांगणार नाही. आम्ही उंचावरच्या एका नातेवाइकांकडे होतो. शिरोलीजवळ महामार्ग बंद, दुधाची पंचाईत, पेट्रोल मिळेना. रात्री सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायचो. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही ओळ लहानपणापासून तोंडपाठ, पण उद्या चूल पेटेल का हे ठाऊक नसताना ती म्हटली आणि पहिल्यांदा ती मागणी म्हणून तोंडातून निघाली. एका दिवसापुरतंच मागायला प्रभूने शिकवलं आहे. पुढच्या वर्षभराचे हप्ते आज रात्री देवापुढे मांडून मोजत बसू नका. या महिन्याचा हप्ता किती रुपयांचा, तो आकडा त्याला मोठ्याने सांगा.

स्वतःचे शब्द येत नसतील तर दुसऱ्याचे घ्या. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक घरात असेलच. त्यात नारायण वामन टिळकांची भजनं आहेत. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांचा संसार काही वर्षं तुटला होता. दुःख काय असतं ते त्या माणसाला ठाऊक होतं.

झोपेबद्दल लिहिलंत म्हणून सांगते. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. बोलणं नंतर. तुम्हीही जेवण टाळू नका. मनात मरणाचे विचार येत असतील तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आजच फोन करा, विश्वासाच्या आड ते मुळीच येत नाही. बँकेत यजमानांबरोबर स्वतः जा आणि हप्ते कमी करून मुदत वाढवून मिळेल का ते विचारा. नोटीस येईपर्यंत थांबू नका.

आणि पाळकसाहेबांना सांगा. लोक काय म्हणतील म्हणून आपण चर्चमध्ये सगळं ठीक असल्यासारखे बसतो, आणि शेजारी बसलेल्या बाईचंही घर गहाण असतं. सर्वांसमोर नको वाटत असेल तर महिला मंडळातल्या एकीलाच घरी बोलवा आणि दोघी मिळून प्रार्थना करा. इथे नाव-गाव लिहू नका. 'फौंड्रीतल्या भाऊंचं कुटुंब' एवढंच म्हणून मी आज रात्रीपासून तुम्हाला प्रार्थनेत घेते.