कपाटातली ट्यूब आणि दंडावरची ट्यूब

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ५२, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. वर्षभर लघवीला जळजळ आणि संबंधाच्या वेळी दुखणं, म्हणून कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या डॉक्टरबाईंनी योनीमार्गात लावायची एस्ट्रिऑलची, म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनाच्या एका प्रकाराची, क्रीम लिहून दिली. घरी येऊन आतला कागद वाचलात, त्यात कॅन्सर, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या असं सगळं दिसलं आणि ट्यूब कपाटात गेली. मग पुण्याच्या भाचीनं ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ची क्रीम ऑनलाइन मागवून दिली. ती मात्र दोन महिने रोज दंडाला लावताय. शिवाय पार्लरमधल्या बाईंनी सांगितलंय की हार्मोन क्रीम चेहऱ्याला लावली की सुरकुत्या जातात. आणि शेवटी, नवरात्रात लावली तर चालते का.

आधी उत्तर सांगते, कारणं मग. कपाटातल्या ट्यूबची एवढी भीती बाळगायचं कारण नाही. डॉक्टरबाईंना पुन्हा एकदा विचारा आणि सुरू करा. दंडावरची क्रीम आजपासून बंद करा. चेहऱ्याला यातलं काहीही लावू नका.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. राजारामपुरीत २६ वर्षं मेडिकल चालवलं आणि एस्ट्रिऑलची क्रीम स्वतः सहा वर्षं वापरते आहे. दुकानात या क्रीमची चिठ्ठी घेऊन येणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्यात! काउंटरवरचा मुलगा आत जाईपर्यंत थांबायचं, चिठ्ठी घडी घालून हळूच पुढे सरकवायची, ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून मागायची. कशी लावायची हे विचारायचं राहूनच जायचं. डॉक्टरांकडे गर्दी, दुकानात संकोच, आणि घरी तो बारीक अक्षरांचा कागद. भीती तिथूनच सुरू होते.

माझं स्वतःचं ऐका. पाळी गेल्यावर दुसऱ्या वर्षी मला सारखी उन्हाळी लागायची. आपल्याकडे याला दुसरं नावच नाही. सासूबाई सब्जा भिजवून द्यायच्या, धने-जिऱ्याचं पाणी द्यायच्या. मी एका डॉक्टरांकडे जायची, ते अँटिबायोटिक द्यायचे, आठ दिवस बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. दीड वर्षात सहा कोर्स झाले. लघवीचं कल्चर एकदाच केलं, तेही निगेटिव्ह आलं. औषधांच्या दुकानात उभी राहणारी बाई मी, पण मलाही सुचलं नाही की मूळ दुखणं जंतूंचं नाही, कोरडेपणाचं आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून पाच मिनिटांत सांगितलं.

होतं काय, तर योनीमार्गाचं आणि मूत्रमार्गाच्या तोंडाचं अस्तर इस्ट्रोजेनवर पोसलेलं असतं. ते असतं तोवर अस्तर जाड आणि ओलसर राहतं, तिथे चांगले जंतू वाढतात आणि जागा आम्लधर्मी ठेवतात. पाळी गेली की इस्ट्रोजेन उतरतं, अस्तर पातळ पडतं, आम्लता जाते आणि आतड्यांतल्या जंतूंना तिथे घर करणं सोपं होतं. म्हणून जळजळ, सारखी लघवी, संबंधात दुखणं, कधी चिरा पडून रक्ताचा ठिपका. गरम वाफा काही वर्षांत आपोआप कमी होतात. हा त्रास मात्र उपचाराशिवाय सहसा वाढतच जातो. ‘वयोमानानुसार होणारच’ म्हणून गप्प बसायला सांगणाऱ्यांवर मला राग येतो, तो यासाठीच.

आता त्या कागदाकडे येऊ. त्यातल्या इशाऱ्यांमागे मुख्यतः अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र घेणाऱ्यांचा त्यातला भाग २००२ मध्ये मुदतीआधी थांबवला. त्या भागात १६,६०८ बायका होत्या, वयं ५० ते ७९, सरासरी ६३. निम्म्यांना रोज गोळी दिली होती. गोळी घेणाऱ्यांत वर्षाला दर १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे ८ रुग्ण जास्त आढळले, पक्षाघाताचेही जवळपास तेवढेच. आकडे खरे आहेत, पण ते पोटात घेतलेल्या गोळीचे आहेत. गोळी यकृतातून सगळ्या अंगभर जाते. तुमच्या ट्यूबमधली क्रीम आठवड्यातून दोनदा, अर्धा ग्रॅम, एकाच जागी लागते. सुरुवातीला अस्तर पातळ असतं तेव्हा थोडं औषध रक्तात जातं, अस्तर भरलं की तेही कमी होतं. रक्तातली पातळी साधारण पाळी गेलेल्या बाईची असते तेवढीच राहते. तरी इस्ट्रोजेनच्या प्रत्येक वेष्टनावर तोच इशारा वर्षानुवर्षं छापला जायचा. त्याच अभ्यासाच्या निरीक्षण गटात योनीमार्गात इस्ट्रोजेन वापरणाऱ्या बायकांची अनेक वर्षांची नोंद पुढे तपासली, तेव्हा त्यांच्यात कॅन्सर किंवा हृदयविकार वाढलेला दिसला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हा सरसकट इशारा काढायचं जाहीर केलं.

म्हणून ही क्रीम कुणीही कशीही लावावी असं नाही. स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल, लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोलसारखी गोळी चालू असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंबही नको. त्या गोळ्या शरीरातलं इस्ट्रोजेन शून्याकडे नेण्यासाठीच दिलेल्या असतात. अशांनी आधी हार्मोन नसलेलं मॉइश्चरायझर वापरून पाहायचं असतं. पाळी गेल्यावर अंगावरून लाल गेलं असेल आणि कारण शोधलेलं नसेल, तर आधी ते शोधायचं. मधुमेह असेल तर जळजळ आणि खाज बुरशीमुळे नाही ना, हे बघून घ्यायचं. बाहेरच्या कातडीवर पांढरट चट्टे आणि रात्री झोपू न देणारी खाज असेल तर तो वेगळा आजार असू शकतो, त्याला इस्ट्रोजेन पुरत नाही. डॉक्टरबाईंनी तुम्हाला तपासून क्रीम दिली की नुसतं ऐकून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तपासलं नसेल तर तपासून घ्या. पैशाची अडचण असेल तर सीपीआर या आपल्या सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगाची ओपीडी आहे, लाजू नका.

लावायची कशी, ते नीट सांगते, कारण दुकानात हेच राहून जायचं. एस्ट्रिऑलच्या नेहमीच्या ट्यूबमध्ये १ ग्रॅम क्रीममागे १ मिलिग्रॅम औषध असतं. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा, अशी साधारण पद्धत. तुमच्या चिठ्ठीवर वेगळं असेल तर चिठ्ठी खरी. ॲप्लिकेटर काठोकाठ भरायचा नाही, खुणेपर्यंतच. माझ्याकडे एक काकू यायच्या, त्या प्रत्येक वेळी तो पूर्ण भरायच्या आणि ट्यूब लवकर संपते म्हणून तक्रार करायच्या. खूण दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ॲप्लिकेटर टोचत असेल तर बोटानंही लावता येते, बोटाच्या पहिल्या पेराएवढी क्रीम म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम. थोडी आत, थोडी लघवीच्या तोंडाशी. झोपताना लावा म्हणजे वाहून जात नाही. ॲप्लिकेटर कोमट पाण्यानं आणि साबणानं धुवा, उकळू नका. संबंधाच्या आधी वंगण म्हणून ही क्रीम लावायची नाही, नवऱ्याच्या कातडीतून त्याच्या अंगात जाते. त्यासाठी वेगळं जेल मिळतं. कंडोम वापरत असाल तर काही क्रीममधल्या तेलानं रबर कमकुवत होतं, हेही लक्षात ठेवा. आणि त्या जागी साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी वॉश यातलं काहीही नको, साधं पाणी पुरतं.

दोन-तीन आठवड्यांत फरक जाणवायला लागतो, पूर्ण गुण यायला तीन महिने धरा. पहिल्या आठवड्यात थोडं चुरचुरतं, त्याला भिऊन सोडू नका. फार जळजळलं तर कळवा.

(मधेच सांगते. दुसरी एक क्रीम मिळते, संयुक्त इस्ट्रोजेनची. ते औषध गाभण घोडीच्या लघवीतून काढतात. इचलकरंजी-जयसिंगपूरकडच्या जैन भगिनी मला मुद्दाम विचारायच्या. ज्यांना चालत नसेल त्यांनी डॉक्टरांना तसं सांगावं, पर्याय आहेत.)

आता दंडावरची ट्यूब. याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण हे आमच्या घरात घडलंय. माझ्या जाऊबाई गडहिंग्लजला असतात. त्यांना गरम वाफांचा फार त्रास, रात्रीत दोन-दोनदा कपडे बदलायला लागायचे. त्यांना डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं जेल दिलं आणि सोबत रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. जेल दंडाला लावतात, पण ते सगळ्या अंगासाठी असतं, तुमच्या क्रीमसारखं एका जागेपुरतं नाही. त्यातलं इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला लगाम घालतं. गर्भपिशवी असलेल्या बाईला म्हणूनच दोन्ही लागतात. कॅप्सूलनं झोप येते, तीही म्हणूनच रात्री घ्यायची. जाऊबाईंना सकाळी गुंगी वाटायची. कुणीतरी सांगितलं, प्रोजेस्टेरॉनची क्रीम मिळते, ती लावा आणि कॅप्सूल सोडा. त्यांनी सोडली. डॉक्टरांना सांगितलं नाही, मलाही नाही.

आठ महिन्यांनी अंगावरून जायला लागलं. सोनोग्राफीत अस्तर १४ मिलिमीटर निघालं. पाळी गेल्यावर रक्त आलं आणि अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड असलं की तुकडा काढून तपासतात. तो काढला. रिपोर्ट यायला सहा दिवस लागले, ते सहा दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच माहीत. कॅन्सर नव्हता, अस्तराची साधी वाढ होती, औषधानं उतरली. पण लगाम सुटला होता हे खरं. कातडीतून क्रीमनं जाणारं प्रोजेस्टेरॉन गर्भाशय सांभाळायला पुरेल याचा भरवसा धरता येत नाही.

आणि भाचीनं पाठवलेल्या खोक्यावर ‘जंगली याम’ (एक रानकंद) असं लिहिलं असेल तर तो निराळाच प्रकार. त्या कंदात डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं. १९४० च्या दशकात रसेल मार्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या कंदापासून प्रयोगशाळेत प्रोजेस्टेरॉन बनवलं, हे खरं. पण ते प्रयोगशाळेत. आपल्या शरीराला ते रूपांतर करता येत नाही. म्हणजे नुसत्या कंदाची क्रीम असेल तर त्यात हार्मोन नाही, आणि हार्मोन मिसळलेलं असेल तर किती आहे ते कुणी तपासलेलं नाही. दोन्हीकडून तुमच्या जळजळीला उपयोग शून्य, कारण ती इस्ट्रोजेनच्या अभावाची आहे. बंद केल्यावर ठिपका दिसला तर डॉक्टरबाईंना सांगा. खोकं फेकू नका, तेच घेऊन जा.

चेहऱ्याचं थोडक्यात. योनीमार्गाची क्रीम चेहऱ्याला लावून किती औषध अंगात जातं याचा हिशेब कुणाकडे नाही, आणि इस्ट्रोजेननं वांग वाढू शकतो. पण पार्लरमधल्या बाई ज्याला हार्मोन क्रीम म्हणतायत ती बहुधा स्टेरॉइडची असेल. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं ट्यूबवर शोधा. चार दिवस चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, शिरा दिसतात, लव वाढते, आणि सोडली की चेहरा पेटतो. २०१८ मध्ये सरकारनं अशा क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत. तरी विकतात. बरेच महिने लावली असेल तर एकदम सोडू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन उतरवत आणा.

तुमच्या घरी दीड वर्षाची नात आहे म्हणालात. तुमच्या एस्ट्रिऑलचा तिला धोका नाही, हात धुतले की झालं. पण दंडाला लावायचं कुठलंही हार्मोन वाळायच्या आत बाळाला कडेवर घेऊ नये. इस्ट्रोजेनच्या एका स्प्रेमुळे लहान मुलांच्या छातीला गाठी आल्याचं २०१० मध्ये अमेरिकेत नोंदलं गेलंय. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जेलही तसंच बाळाला लागू देऊ नये.

आणखी एका वहिनींनी विचारलंय की त्यांची पिशवी ३६ व्या वर्षी काढली, त्यांनी ही क्रीम वापरावी का. वहिनी, पिशवीबरोबर अंडाशयंही काढलीत का, हे आधी डिस्चार्ज कार्डावर बघा. काढली असतील तर प्रश्न नुसत्या कोरडेपणाचा नाही, हाडांचा आणि हृदयाचाही आहे. अशा बायकांना, कॅन्सरसारखी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत पूर्ण हार्मोन उपचार देतात. पिशवी नसल्यानं त्यांना प्रोजेस्टेरॉन सहसा लागत नाही. आपल्या भागात उसाच्या फडावर येणाऱ्या किती बायकांच्या पिशव्या कोवळ्या वयात काढलेल्या असतात, आणि त्यांना नंतर हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही लवकर जा.

राहिलं नवरात्र. ताई, वैद्यकीय दृष्टीनं लावायला काहीच हरकत नाही. सोवळ्यामुळे मन मानत नसेल तर नऊ दिवस थांबलात तरी बिघडत नाही, रोजच्या लावण्याचे पहिले आठवडे तेवढे आधी पुरे झालेले असू देत. दसऱ्यानंतर सुरू करताना राहिलेल्या दिवसांची भरपाई म्हणून जास्त लावू नका, नेहमीचीच अर्धा ग्रॅम. आणि त्या काळात किंवा कधीही, अंगावरून लाल ठिपका जरी गेला, तरी अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत उभं राहण्याआधी डॉक्टरबाईंना फोन करा.