४१३ व्या दिवशी काय?

ती आली, खुर्चीत टेकली आणि काही बोलायच्या आत मोबाईल माझ्यासमोर धरला. पडद्यावर आकडा होता: ४१२. तिला १८ पूर्ण व्हायला उरलेले दिवस.

"एवढेच राहिलेत मॅडम. मग मी सुटले."

या वयाची मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात ती बहुतेक हाच प्रश्न घेऊन. घरात सगळ्यालाच बंदी आहे, जीव गुदमरतो, मी मोकळी कधी होणार? आणि मागोमाग त्यांचे आईवडील येतात ते, "इतकं जपतो, तरी ही खोटं का बोलते?" म्हणत. (हे लिहायला मुलीची आणि तिच्या आईची दोघींची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

नियम तिने पाढे म्हणावेत तसे म्हणून दाखवले. अंधार पडायच्या आत घरी. मैत्रिणीकडे जायचं तर आधी आई त्या मैत्रिणीच्या आईशी बोलणार. मोबाईलचा पासवर्ड आईकडे. केस कापायचे नाहीत. मोठ्याने हसायचं नाही. खोलीचं दार लावायचं नाही. असे बावीस. एवढे सलग आठवतात म्हणजे ते किती वेळा मनात घोळले असतील!

पहिल्या दोन भेटींत मी चुकलेच. "घरी शांतपणे बोलून बघ, त्यांची बाजू समजून घे," वगैरे सांगत बसले. ती मान डोलवत राहिली. मला वाटलं, पटतंय. मोठ्यांसमोर मान डोलवायची आणि मनातलं मनात ठेवायचं, हेच ती घरी शिकली होती आणि माझ्याशीही तेच करत होती, हे माझ्या लक्षात यायला तिसरी भेट उजाडावी लागली.

त्या दिवशी मी सल्ला बाजूला ठेवला आणि विचारलं, "४१३ व्या दिवशी सकाळी उठून काय करशील?"

ती बराच वेळ गप्प होती. घर सोडायचं तिने शंभरदा मनात रंगवलं होतं, पण पुढचं काहीच नव्हतं. शेवटी म्हणाली, "दार लावून झोपेन."

एवढंच. मी तर प्रवास, नोकरी, कुणी आवडता मुलगा असं काही ऐकायच्या तयारीत होते.

मग आम्ही ते बावीस नियम कागदावर घेतले आणि तिलाच निवडायला लावले. सुरक्षिततेचे कोणते, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून कोणते, आणि निव्वळ तिच्या स्वतःच्या गोष्टींवरचे कोणते. ही वाटणी माझी नाही. ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञांनी किशोरवयीन मुलं आणि पालक यांच्यातल्या भांडणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. मुलं पालकांचा अधिकार सरसकट नाकारत नाहीत. सुरक्षितता आणि नीतीच्या बाबतीत बऱ्याच अंशी मानतात. ठिणगी पडते ती केस, कपडे, खोली, मैत्री अशा 'हे माझं आहे' वाटणाऱ्या जागी. हिनेही नऊ नियम आपणहून 'राहू देत' म्हणून बाजूला काढले. कुठे जातेय ते सांगून जाणं त्यात होतं. "हे मी माझ्या मुलीलाही सांगेन," म्हणाली आणि स्वतःच चमकली.

उरलेल्या तेरांपायी ती खोटं बोलत होती. लपवलेलं एक खातं होतं, ठरलेल्या दोन मैत्रिणी साक्षीला होत्या. कुणाला काय सांगितलंय ते लक्षात ठेवून ती थकली होती. घरात आईची नजर आणि बाहेर स्वतःचीच. असं चोरून मिळवलेलं स्वातंत्र्य फार पहारा मागतं.

इथे एक सांगायलाच हवं. मारहाण, कोंडून ठेवणं, उपाशी ठेवणं, शिक्षण तोडायची धमकी, हे जिथे असेल तिथे असल्या याद्या करत बसायचं नसतं. ते घराचे नियम नव्हेत. तिथे विश्वासातल्या मोठ्या माणसाची किंवा बालसंरक्षण यंत्रणेची मदत आधी. या घरात तसं नव्हतं.

आई आली ती बचावाच्या पवित्र्यात. "मी रोज रात्री तिचा फोन बघते. मला तिचं सगळं माहीत असतं." मग जरा थांबून, "तिच्या वयात मी काय काय लपवलंय ते माझं मला ठाऊक. म्हणून तर बघते." त्या वाक्यानंतर मला त्यांच्यावर रागावता आलं नाही.

स्वीडनमध्ये हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली एक निष्कर्ष मांडला होता. पालकांना मुलांबद्दल जे कळतं, ते पाळत ठेवून कमी आणि मुलं आपणहून सांगतात म्हणून जास्त. मी तो सांगितला नाही, नुसतं विचारलं, "तिने आपणहून तुम्हाला शेवटचं काय सांगितलं?"

त्यांना आठवायला वेळ लागला. "सायकलवरून पडली होती. दोन वर्षं झाली."

"मग?"

"मग... सायकल बंद केली."

त्या स्वतःच थबकल्या. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

वडील एकदाच आले, तेही घड्याळ बघत. "म्हणजे सगळं सोडून द्यायचं का?" नाही. घराला नियम हवेतच, आणि त्यांचं कारण विचारायची मुभाही हवी, एवढं मी म्हटलं. त्यांना फारसं पटलं नाही.

ठरलं ते इतकंच. तिने एखादी गोष्ट आपणहून सांगितली तर त्या दिवशी नवा नियम नाही, शिक्षा नाही, जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या आठवड्यात तिने क्लास बुडवल्याचं सांगितलं. आई उठून आतल्या खोलीत निघून गेली. रात्रभर धुमसली असणार. सकाळी बोलली, आवाज चढवून बोलली, पण क्लासला न्यायला-आणायला कुणी जाऊ लागलं नाही.

केसांवरून वाद अजून चालू आहे. मोबाईलवरचा आकडाही तसाच आहे, रोज एकाने उतरतो. दार मात्र रात्री नऊ ते दहा लावायची मुभा मिळाली. "पहिले दोन दिवस काय करायचं तेच कळेना," ती सांगत होती. "नुसती बसून राहिले."

आणि आई?

"टकटक करते. पण मी 'ये' म्हणायच्या आत आलेली असते."

पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं आहे.