इंग्रजी उताऱ्याचं भाषिक विश्लेषण म्हणजे नेमकं काय लिहायचं?

रत्नागिरीत बी.ए.ला इंग्रजी घेतलंय आणि उताऱ्याचा नुसता सारांश लिहून मार्क जातायत, असं तुम्ही म्हणताय. जाणारच. इथे लेखक काय म्हणतो यापेक्षा कसं म्हणतो ते दाखवायचं असतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. जेट्टीवरचा फलक म्हणेल, 'फिशिंग इज प्रोहिबिटेड'. कर्मणी प्रयोग, बंदी घालणारा गायब. पेपरचा मथळा: 'गव्हर्न्मेंट बॅन्स फिशिंग'. कर्ता पुढे आला, आणि निर्णय होऊन गेला तरी काळ वर्तमान. होडीवाला म्हणेल, 'वी कान्ट गो आउट'. 'वी'मुळे तो माणूस दिसतो, 'कान्ट'मुळे त्याची अडचण. घटना एकच, पण व्याकरण बदललं की जबाबदारी कोणाची हेही बदलतं. उत्तरात हेच हवं: वैशिष्ट्य, उताऱ्यातला पुरावा, परिणाम. बहुतेक जण 'हा पॅसिव्ह आहे' एवढं लिहून थांबतात, तिथेच घोळ होतो.

भाषाशास्त्रज्ञ हॅलिडेची फील्ड, टेनर, मोड ही त्रयी मात्र पक्की करा: विषय, बोलणारा-ऐकणारा यांचं नातं, माध्यम. घरी 'खंय' आणि वर्गात 'कुठे' म्हणणाऱ्याला टेनर वेगळा शिकवावा लागत नाही म्हणा!