साडीवाले आणि शिवणवाल्या: एकमेकांची जाहिरात करताना

प्रश्न : कराडमध्ये बारा वर्षांपासून मी घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. हाताखाली दोन बायका आहेत. आमच्याच रस्त्यावरच्या साडीच्या दुकानदारांनी सुचवले आहे की, त्यांनी गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवावे, मी माझ्याकडच्या बायकांना त्यांचे दुकान सांगावे, आणि ‘आमच्या भागीदार’ म्हणून माझे नाव घालून दोघांचे एकच पत्रक काढावे. मी प्रत्येक ब्लाउजमागे दहा टक्के कमिशन द्यावे, अशीही त्यांची अपेक्षा आहे. शिलाई 600 रुपये असते आणि अस्तर, मजुरी, हुक-धागा जाऊन साधारण 250 उरतात. होकार द्यावा का?
– एक वाचक, कराड

उत्तर : होकार अवश्य द्या, मात्र कमिशनला आणि ‘भागीदार’ या शब्दाला नकार द्या.

साडी घेतलेल्या बाईला त्याच आठवड्यात ब्लाउज, फॉल आणि पिको लागणारच असते, आणि तुमच्याकडे माप द्यायला आलेली बाई पुढच्या सणाची साडी कुठे घ्यावी हे तुम्हालाच विचारते. तुम्ही दोघे एकमेकांचे गिऱ्हाईक तोडत नाही, उलट एकाचे काम संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते, म्हणून ही जोडी मला मनापासून योग्य वाटते.

कमिशनचा हिशेब मात्र नीट मांडून पाहा. 600 रुपयांवर दहा टक्के म्हणजे 60 रुपये, आणि ते जाणार तुमच्या हाती उरणाऱ्या 250 मधून, म्हणजे कमाईचा जवळजवळ चौथा हिस्सा. तुम्ही पाठवलेल्या गिऱ्हाइकाबद्दल ते तुम्हाला काही देणार आहेत का, याचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. त्यापेक्षा दोघांनीही सारखीच सवलत थेट गिऱ्हाइकाला द्यावी. त्यांच्या दुकानाची चिठ्ठी आणणाऱ्या बाईला तुम्ही पिको-फॉल कमी दरात करून द्या, आणि तुमची चिठ्ठी नेणाऱ्या बाईला त्यांनी साडीवर ठरलेली सूट द्यावी. चिठ्ठ्या दोन रंगांच्या छापल्या आणि आलेल्या जपून ठेवल्या, तर महिनाअखेरीस कोणी किती गिऱ्हाईक पाठवले हे मोजून कळेल आणि मनात किंतु राहणार नाही. पत्रकाचा खर्च निम्मा-निम्मा करा.

‘भागीदार’ हा शब्द बोलण्यात सहज येतो, पण 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्यात त्याला निश्चित अर्थ आहे. धंद्याचा नफा वाटून घेण्याचा करार असेल तर ती भागीदारी होते, आणि तशी ती नसतानाही जी व्यक्ती स्वतःला भागीदार म्हणवते किंवा जाणूनबुजून म्हणवू देते, तिच्यावर, त्या समजुतीने पेढीला उधार देणाऱ्यापुरती, कलम 28 प्रमाणे भागीदारासारखीच जबाबदारी येऊ शकते. त्यांच्या उधारीच्या मालाशी तुमचा काडीचाही संबंध नसताना ही जोखीम कशाला घ्यायची? पत्रकावर दोन्ही दुकानांची नावे वेगळी छापून ‘ब्लाउज शिलाईसाठी’ एवढेच लिहावे.

आता सर्वांत नाजूक बाब. साडीला जोडून येणारा ब्लाउजपीस बहुधा 80 सेंटिमीटरचा असतो. कोपरापर्यंत बाही हवी असेल किंवा अंगलट भरलेली असेल, तर तेवढे कापड अपुरे पडते, आणि ‘बसेल की’ असे दुकानात सांगितले गेले असले तरी बोल तुम्हाला लागतो. शिवाय ब्लाउजपीस कापून वेगळा केला की दुकानदार सहसा साडी परत घेत नाहीत. त्यामुळे दुकानातच साडी पूर्ण उलगडून डाग, तुटलेला धागा, काठातला दोष पाहिला जावा, तुमच्याकडे आल्यावर कात्री लावण्यापूर्वी तुम्ही गिऱ्हाइकासमोर पुन्हा पाहावे, आणि दोष सापडल्यास साडी बदलून देण्याची जबाबदारी त्यांची, माप चुकल्यास दुरुस्तीची तुमची, हे आधीच एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. ओळखीच्या माणसाकडून सही घेताना संकोच वाटतो, हे मी जाणते. तरीही हा कागद कराच, कारण तक्रार आल्यावर प्रत्येकाला आपल्या सोयीचेच आठवते.

तुमच्या मापाच्या वहीतले फोन नंबर त्यांना देऊ नका. ते बायकांनी तुमच्यावर विश्वासून दिलेले आहेत, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा 2023 चा कायदाही मुख्यतः संमतीवरच उभा आहे. साड्यांच्या नव्या मालाचे संदेश हवे आहेत का, हे ज्या त्या बाईला विचारावे.

सुरुवात लग्नसराईत करू नका. तीन जणींच्या हातून दिवसाला किती ब्लाउज निघतात हे तुम्हालाच ठाऊक, आणि मुहूर्ताच्या दिवशी ब्लाउज तयार नसेल तर त्या घरी तुमच्यासह साडीवाल्यांचेही नाव खराब होते. श्रावणात मंगळागौर आणि पुढे गौरी-गणपतीसाठी साड्या खपतात, पण लग्ने नसल्याने शिलाईचा ताण बेताचा असतो, म्हणून श्रावणापासून दसऱ्यापर्यंत करून पाहा. आठवड्याला त्यांच्याकडची किती कामे घेता येतील तो आकडा त्यांना आधीच सांगा, आणि तो भरला की त्यांनी नवी चिठ्ठी देण्याआधी तुम्हाला फोन करावा असे ठरवा. दसऱ्यानंतर दोन्ही रंगांच्या चिठ्ठ्या एकत्र बसून मोजा. तुळशीच्या लग्नानंतरची कामे अशीच घ्यायची की नाहीत, हे त्यानंतर ठरवता येईल.